फिर्यादी कोण, ते आधी सांगा

सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या लोकांना तरी तो चुकलेला नसणार. समाजाच्या ग्रुपवर आला, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आला, कापसाचे भाव टाकायला काढलेल्या ग्रुपवर पण आला आणि तिथे तर भाव राहिले बाजूला, ह्याच्यावरच जुंपली. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. म्हणणं असं की समाजाची नीती पार ढासळली, आता घरच्यांच्या सांगण्याने काही होणार नाही, सरकारनेच 'नैतिकतेचा कायदा' आणावा. म्हणजे प्रेमविवाहाला आईवडिलांची सही सक्तीची, लिव्ह-इन सरळ गुन्हा, राज्यभर पूर्ण दारूबंदी, आणि बागेत-तलावावर 'चाळे' करणाऱ्यांना जागेवर अटक. जोडीला पाच-सहा 'बिनतोड' मुद्दे, आणि शेवटी "खरा खान्देशी असशील तर दहा ग्रुपवर पाठव".

हा मेसेज पाठवणारे सगळे वाईट आहेत असं अजिबात नाही. माझ्या ओळखीतले चांगले लोक आहेत त्यात, दारूने घराचं वाटोळं झालेले पण आहेत. म्हणून टिंगल न करता एकेक मुद्दा घेतो.

"खून, चोरी, बलात्कार हे पाप आहे म्हणूनच गुन्हा आहे. म्हणजे कायदा नीतीवरच उभा आहे. मग बाकीच्या नीतीचा कायदा का नको?"

ऐकायला एकदम भारी वाटतं आणि अर्धं खरं पण आहे. पण खून हा गुन्हा आहे तो पाप म्हणून नाही, एक माणूस जिवानिशी गेला म्हणून. पोलीस स्टेशनला कधी तक्रार द्यायला गेला असाल तर अंमलदार काय विचारतो? फिर्यादी कोण, आरोपी कोण, काय केलं, कुठे लागलं, काय गेलं. आता समजा जळगावच्या एमआयडीसीत कामाला असलेले पंचवीस-सव्वीसचे दोघं खोली घेऊन लग्नाशिवाय राहतायत, तर ह्याच्यात फिर्यादी म्हणून नाव कोणाचं लिहायचं? घरमालकाला भाडं वेळेवर मिळतंय. शेजारणीचं काही गेलेलं नाही, उलट तिला दुपारी बोलायला विषय मिळाला. पोरीचा बाप म्हणेल माझी इज्जत गेली, त्याचं दुःख खोटं नाही, पण पोरगी ही त्याची मोटारसायकल नाही की चोरीला गेली म्हणून लिहून घ्यावं.

आणि उलट बाजूने बघा. म्हाताऱ्या आईबापाला न सांभाळणं ही पण नीतीचीच गोष्ट, त्याच्यावर २००७ पासून कायदा आहे, म्हातारीला प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, पोराला दर महिन्याला पैसे द्यायचा आदेश होतो. ह्या कायद्याला माझी काही हरकत नाही, कारण तिथे फिर्यादी समोर उभी आहे, हातात रेशनकार्ड घेऊन. पण खोटं बोलणं, उपकार विसरणं, भावाच्या लग्नात मानापानावरून रुसून बसणं ह्याचे पण कायदे करायला निघालात तर अर्धा जिल्हा आत जाईल आणि उरलेला अर्धा जामीन द्यायला कोर्टाच्या आवारात.

हा वाद काही आपल्या ग्रुपवर सुरू झालेला नाही. इंग्लंडमध्ये १९५७ ला वुल्फेंडन समितीने सांगितलं की प्रौढ माणसं चार भिंतींत राजीखुशीने काय करतात हे कायद्याने बघू नये, त्यावर डेव्हलिन नावाचे न्यायाधीश म्हणाले की समाज एका नीतीने बांधलेला असतो, ती सुटली की समाज सुटला, म्हणून कायद्याने ती राखलीच पाहिजे, आणि हार्ट नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने त्यांना उत्तर दिलं. मेसेज लिहिणाऱ्याने डेव्हलिनचं नाव ऐकलेलं नसेल, पण म्हणणं त्याचंच आहे.

आपल्याकडे २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने दोन निकाल दिले, कलम ३७७ मधून प्रौढांचे राजीखुशीचे समलैंगिक संबंध बाहेर काढले आणि व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं. दुसऱ्यावर तेव्हा लय ओरड झाली, "आता मोकळं रान". कलम वाचलं असतं तर ओरडणाऱ्यांनाच लाज वाटली असती. त्यात गुन्हा कोणाचा, तर परपुरुषाचा. तक्रार कोण करणार, तर बाईचा नवरा. नवरा बाहेर गेला तर बायकोला तक्रारीचा हक्कच नाही. आणि नवऱ्याची संमती असेल तर मग गुन्हाच नाही! शंभर-दीडशे वर्षं ज्याला आपण नीतीचं कलम समजत होतो ते खरं तर बांधावरच्या भांडणाचं कलम होतं, माझ्या हद्दीत न विचारता का आलास एवढंच.

"सती, बालविवाह, अस्पृश्यता कायद्यानेच गेल्या. समाज आपोआप सुधारत नाही, दंडुकाच लागतो."

ह्या मुद्द्यावर जरा थांबावं लागेल कारण मेसेजमधला सगळ्यात दमदार मुद्दा हाच आहे. "सरकारने नीतीत पडूच नये, कायद्याने माणूस सुधारत नाही" असं म्हणणारे पण भरपूर भेटतात आणि तेही मला पटत नाहीत. १८२९ ला गव्हर्नर जनरल बेंटिंकने सतीबंदी केली नसती तर आणखी किती बाया जळाल्या असत्या? समाजाचं मन बदलेपर्यंत थांबा असं त्या चितेवरच्या बाईला सांगणार होतात का?

पण नीट बघा, ह्या सगळ्या कायद्यांत कोणाला वाचवलंय. सतीत मरणारी आहे. बालविवाहात पोर आहे. अस्पृश्यतेत विहिरीवरून हाकललेला माणूस आहे. ह्या कायद्यांनी कोणाला सद्गुणी नाही बनवलं, एकाचा हात दुसऱ्याच्या मानेवरून काढला. प्रेमविवाहाला बापाची सही हा कायदा नेमका उलटं करतो, हात नेऊन मानेवर ठेवतो. दोन्हीला 'समाजसुधारणा' म्हणणं म्हणजे कमाल झाली.

आणि इतिहास काढलाच आहे तर पूर्ण काढा. १८९१ चं संमतिवयाचं बिल. मुलीशी संबंधासाठी वय दहावरून बारा करायचं, बस्स एवढंच. त्याच्या आधी बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. तरी आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! आगरकर कायद्याच्या बाजूने, टिळक विरोधात, परक्या सरकारने आमच्या धर्मात आणि घरात हात घालू नये, समाज आपला आपण सुधारेल. म्हणजे त्या वेळी संस्कृतीवाले सरकारला उंबऱ्याबाहेर उभं करत होते, आणि प्रश्न दहा वर्षांच्या पोरीच्या जिवाचा होता. आज संस्कृतीवालेच सरकारला हाताला धरून बेडरूमपर्यंत नेतायत, आणि प्रश्न पंचवीस वर्षांच्या बाईने कोणाशी लग्न करावं हा. सव्वाशे वर्षांत बाजू उलटीपालटी झाल्या, पण दोन्ही वेळेला पोरीला कोणी विचारलं नाही हे मात्र तसंच राहिलं.

बालविवाह 'गेला' असं मेसेजमध्ये बिनधास्त लिहिलंय. कुठे गेला भो? सारडा कायदा १९२९ चा, म्हणजे शंभरीला आला. २००६ चा नवीन कायदा वेगळा. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या २१.९ टक्के, आणि आपल्या धुळे जिल्ह्यात ४० टक्क्यांच्या घरात! ज्या ग्रुपवर हा मेसेज हात जोडून शेअर झाला त्याच ग्रुपवर सोळा-सतरा वर्षांच्या पोरींच्या साखरपुड्याचे फोटो असतात आणि खाली "अभिनंदन भाऊ". विचारलं की उत्तर ठरलेलं, जमाना खराब आहे, पळून गेली म्हणजे? म्हणजे पोरगी पुढे प्रेमविवाह करेल ह्या भीतीने आज गुन्हा करायचा, आणि मग प्रेमविवाहाविरुद्ध कायदा मागायचा.

सगळा गाव एका बाजूला आणि एक माणूस दुसऱ्या बाजूला असतो तिथेच कायद्याची खरी गरज असते. धडगाव-अक्कलकुव्याकडे एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण करतात, गाव सोडायला लावतात, तिथे गावाच्या नीतीने बाईच दोषी असते. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तिच्या बाजूने आहे, दाभोलकरांचा खून झाल्यावरच त्याचा वटहुकूम निघाला हे विसरू नका. जातपंचायतीने वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे. हे दोन्ही कायदे जमावाच्या नीतीविरुद्ध आहेत. मेसेजवाल्यांना हवा असलेला कायदा जमावाच्या बाजूचा आहे. आता तुम्हीच बघा सतीबंदीच्या ओळीत कोणता बसतो ते.

अमळनेरच्या लोकांना साने गुरुजींचं सांगायला नको. पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी आधी गावोगाव फिरले, मग १ ते १० मे १९४७ उपोषण. मुंबई इलाख्याचा मंदिरप्रवेशाचा कायदा पण त्याच १९४७ चा. दंडुका की मन ह्या भांडणात मला म्हणून रस नाही, दोन्ही लागतात. दंडुका कोणाकडे तोंड करून आहे ते बघायचं.

"पोरंपोरी भावनेच्या भरात पळतात. आईबापाची सही लावली तर कोणाचं काय बिघडतं?"

कोणाचं काय बिघडतं ते सांगतो. आपल्याच जळगाव जिल्ह्यात २०२५ साली प्रेमविवाह केलेल्या पोरीवर सख्ख्या बापाने गोळी झाडली. तुमच्या कायद्यात सही ह्याच बापाची लागणार होती.

गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनी पण २०२३ ला प्रेमविवाहात आईबापाच्या संमतीचा काही मार्ग निघतो का ते तपासू असं म्हटलं होतं, तेव्हापासून आपल्याकडच्या लोकांना हुरूप आलाय. अठराव्या वर्षी पोरगी आमदार-खासदार निवडू शकते, कर्जाच्या कागदावर तिची सही चालते, बाळंतपणाच्या टेबलावर पण तिचीच सही घेतात, फक्त नवरा निवडायचा म्हटलं की एकदम लहान! आजही विशेष विवाह कायद्याने म्हणजे १९५४ च्या कायद्याने लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस लागते आणि ती कार्यालयाच्या फळ्यावर लावतात, नाव-पत्त्यासकट. घरच्यांना कळायला तेवढं पुष्कळ होतं, म्हणून तर पोरं त्या वाटेने जातच नाहीत. सही सक्तीची केली की पळणं थांबेल हा गैरसमज आहे, नोंदणी थांबेल. मग उद्या तो पोरगा तिला सोडून गेला की तिच्याकडे कागद पण नसेल. आणि हो, २०१८ ला शक्तिवाहिनी नावाच्या संस्थेच्या खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की दोन प्रौढांनी मर्जीने लग्न केलं तर घरच्यांची, जातीची, पंचायतीची संमती लागत नाही, त्यामुळे असा कायदा कोर्टात टिकणं कठीणच.

फसवून पळवणारे नसतात असं नाही. असतात. फसवणुकीला, जबरदस्तीला, अल्पवयीन मुलीला नेण्याला कायदे आधीपासून आहेत आणि कडक आहेत. ते वापरा.

"लिव्ह-इन आपल्या खान्देशी संस्कृतीत बसत नाही."

कोणत्या खान्देशात? तापीकाठच्या की सातपुड्यातल्या? नंदुरबार जिल्ह्यात जवळपास ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल-पावरांच्या रितीत देज पोराकडचे देतात, पोरीचा बाप घेतो, म्हणजे आपल्याकडच्या हुंड्याच्या बरोबर उलटं. पोरगा-पोरगी निघून गेली तर पंच बसतात, देज ठरतं, विषय संपतो. पैसा नसेल तर आधी एकत्र संसार आणि लग्नाचा कार्यक्रम नंतर सवडीने, कधीकधी पोरं झाल्यावर, हे पण चालतं. भोंगऱ्याबद्दल पण आपल्याकडे लोक काहीबाही पिकवतात, तो होळीआधीचा बाजार आहे, पोरी पळवायची जत्रा नाही, हे तिकडच्या पोरांनी सांगून सांगून तोंड दुखलं. तर संस्कृतीचा कायदा करताना ह्यांचं काय करणार आहात? उत्तराखंडने जानेवारी २०२५ पासून लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची केली, महिन्याभरात नोंद नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, आणि त्यातून आदिवासींना मात्र वगळलं. म्हणजे सरकारलाही माहिती आहे की नीती सगळ्यांची एक नसते. तरी बाकीच्यांना एकाच पट्टीने मोजायचं.

आणि संस्कृतीच काढायची तर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, काढू. खान्देशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी, घराघरात सांजोऱ्या आणि आमरस, आणि बापे काय करतात? पारावर, मळ्यात, गोठ्यात सतरंजी टाकून पत्ते, आणि ते फुकट नाही, पैसे लावून. अख्ख्या खान्देशाला माहिती आहे. १८८७ च्या जुगारबंदीच्या कायद्याने तो गुन्हा आहे. पोलीस पण बहुतेक ठिकाणी त्या दोन दिवसांत गावाकडे फिरकत नाहीत, फिरकले तर "साहेब, सण आहे". हा मेसेज टाकणाऱ्यांपैकी किती जण त्या सतरंजीवर असतात हे मी सांगायला नको. तो 'आपला' जुगार म्हणून परंपरा, आणि दुसऱ्याच्या पोरीने खोली घेतली की संस्कृती बुडाली. आमच्याकडे अहिराणीत साधं विचारतात, तुले काय करनं शे भो? म्हणजे, तुला काय करायचंय भाऊ?

ऑनलाईन रमीवाल्यांचं मात्र मला वेगळं वाटतं, इथे कोणी म्हणेल की हा स्वतःच्याच बोलण्याला फाटा देतोय. कापूस विकून आलेले पैसे रात्रीतून मोबाईलवर गेलेली पोरं पाहिली आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घातली, ती मला बरीचशी पटली, कारण त्या कायद्यात शिक्षा कंपनी चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्या पोराला नाही. फसवणारा एक आणि फसणारा एक असा हिशोब तिथे मांडता येतो. सगळं एकाच सूत्रात बसत नाही, मान्य.

"दारूबंदी पूर्ण केली की निम्मे संसार वाचतील."

हा मुद्दा मी सगळ्यात हळू हाताने घेणार आहे कारण इथे फिर्यादी आहे. आठवडे बाजाराच्या दिवशी मजुरी हातात पडते. नवरा देशीच्या दुकानात शिरतो, बाई थैली घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभी. आत जाता येत नाही, बाजार करायला पुढे जाता येत नाही कारण पैसे त्याच्याकडे, आणि भाजीवाले पाच-साडेपाचला आवरायला लागतात तेव्हा उरलेली वांगी-मेथी स्वस्त होते तेवढीच तिच्या वाट्याला. ह्या बाईने दारूबंदी मागितली तर तिला जॉन स्टुअर्ट मिल नावाचा तत्त्वज्ञ आणि त्याचं व्यक्तिस्वातंत्र्य ऐकवणारा माणूस मला निर्लज्ज वाटतो.

पण तिची तक्रार कशाबद्दल आहे? मार, पैसा, रात्रीचा धिंगाणा. ह्या प्रत्येकावर कायदा आहे, कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्यात संरक्षणाचा आदेश मिळतो, खर्चाचा पण मिळतो. प्रत्यक्षात ती गेली की "घरचा मामला आहे, समजून घ्या" म्हणून अदखलपात्र नोंदवून परत पाठवतात. जो कायदा तिच्यासाठी आहे तो वापरायला यंत्रणेला वेळ नाही, आणि आपण त्याच यंत्रणेच्या हातात अख्ख्या राज्याच्या बाटल्या मोजायचं काम देणार.

बंदीचा अनुभव बघायला आपल्याला लांब जायला नको, नवापूर स्टेशनला जा. तिथला प्लॅटफॉर्म अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत, एक बाक तर असा आहे की हद्द त्याच्या मधून जाते. बाकाच्या एका टोकाला बसणाऱ्याच्या राज्यात दारूची दुकानं राजरोस, दुसऱ्या टोकाच्या राज्यात १९६० पासून बंदी. माणूस दोन हात सरकला की त्याची नीती बदलते का? गुजरातमध्ये दारू मिळत नाही असं सुरतला कामाला गेलेल्या एकाही खान्देशी पोराने मला सांगितलेलं नाही. २००९ ला अहमदाबादेत विषारी दारूने शंभरावर लोक मेले, २०२२ ला बोटाद भागात चाळीसच्या वर. बिहारने २०१६ ला बंदी केली, डिसेंबर २०२२ ला सारणमध्ये सत्तरच्या आसपास गेले. मेले ते सगळे हातावर पोट असलेले. बंगल्यात पिणारा विषारी दारूने मरत नाही. आणि त्याच गुजरातने २०२३ संपता संपता गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत, मोठ्या कंपन्यांच्या साहेबांसाठी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी, दारूला सूट दिली. म्हणजे मजुरासाठी पाप, साहेबासाठी सोय.

आपल्याकडे तर आणखी मजा. १९४९ चा मोरारजींच्या काळातला दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रात अजून जिवंत आहे, त्याच्या हिशोबाने प्यायला परवाना लागतो. वाईन शॉपवाले एक दिवसाच्या परवान्याची पुस्तकं ठेवतात, कोण पितोय ते न बघता फाडून मोकळे होतात. कागदावर अख्खं राज्य परवान्यावर औषधासारखी दारू पितंय आणि सरकार २०२५ मध्ये तिजोरीसाठी तिच्यावरचं शुल्क वाढवतंय. चंद्रपूरला २०१५ ला बंदी केली आणि २०२१ ला उठवली, चोरटी दारू आवरेना म्हणून. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, ती लोकांच्या मोठ्या चळवळीतून आली, तरी व्यसन कमी करायला पुढे 'मुक्तिपथ' नावाचा गावोगाव फिरणारा वेगळा कार्यक्रम काढावा लागलाच. आमच्याकडे गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. कोणत्याही टपरीवर उभं राहा, समोर फक्त बडीशेप आणि चॉकलेटच्या बरण्या, आणि गिऱ्हाईकाने बोट दाखवलं की गल्ल्याखालून दोन पुड्या येतात, छापील किमतीपेक्षा जास्तीने. वरचा पैसा कुठे जातो ते टपरीवाल्यालाच विचारा, तो हसतो फक्त.

ह्यापेक्षा 'आडवी बाटली' मला प्रामाणिक वाटते. गावातल्या पंचवीस टक्के बायकांनी मागणी केली की मतदान होतं, उभी बाटली की आडवी, आणि निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. ह्याच्यात पिणारा तुरुंगात जात नाही, विकणाऱ्याचं शटर खाली येतं, आणि ठरवतात कोण तर ज्या रस्त्याच्या पलीकडे उभ्या असतात त्या. अडथळे भरपूर आहेत, मतदानाच्या आदल्या दिवशी दुकानवाले साड्या वाटतात, दमदाटी होते, तरी पण.

"सिंगापूर बघा, दुबई बघा. कडक कायदा म्हणून देश पुढे गेला."

सिंगापूरने १९९२ ला च्युइंग गम बंद केलं ते लोकल ट्रेनच्या दारात लोक चिकटवत होते म्हणून, नीतीसाठी नाही. आणि तिथे दोन मोठे कॅसिनो आहेत. पुढे चला.

"ज्याच्या मनात काळं नाही त्याला भीती कशाची?"

भीती कायद्याची नाही, कायदा हातात घेऊन कोण येतो त्याची. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ भागातल्या हॉटेलांतून पोलिसांनी चाळीसेक जोडपी उचलली. बंद खोलीतून. कलम लावलं 'सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन'! दरवाजा आतून लावलेला, तरी सार्वजनिक. त्यातल्या काहींच्या घरी फोन लावले गेले. कोर्टात काय झालं हा पुढचा भाग, पोरीची शिक्षा त्या फोनलाच झाली. आपल्याकडे जळगावच्या मेहरूण तलावावर किंवा धुळ्याजवळ लळिंगच्या बाजूला बसलेल्या पोराला विचारा, बाईकची चावी काढून घेणारा प्रत्येक जण पोलीस असतोच असं नाही, कधी गळ्यात गमछा असतो फक्त. "घरी फोन लावू का?" एवढं एक वाक्य पुरतं, खिसा रिकामा होतो. नवीन कायदा आला की ह्या वाक्याचा रेट वाढेल, दुसरं काही नाही.

आणि जळगावकरांना तर हे सांगायचीच गरज पडू नये. १९९४ ला जे प्रकरण बाहेर आलं, पोरीबाळींचे फोटो काढून, धमकावून वर्षानुवर्षं शोषण, त्यात राजकारणातली वजनदार माणसं, सगळा महाराष्ट्र हादरला होता. ते इतके दिवस दबून कसं राहिलं? कारण प्रत्येक पोरीला माहिती होतं की हे बाहेर आलं तर त्याचं काही जाणार नाही, अब्रू आपली जाणार. तपास सुरू झाला तरी तक्रार द्यायला पुढे येणाऱ्या थोड्याच होत्या. ब्लॅकमेल करणाऱ्याचं सगळं भांडवल गावाची नीती हेच होतं. आता त्या नीतीला कायद्याची जोड द्या, म्हणजे फोटोतली पोरगी नुसती बदनाम नाही, गुन्हेगार पण. मग ती पोलीस स्टेशनची पायरी चढेल का? त्या काळात तुमचा लिव्ह-इनचा आणि चाळ्यांचा कायदा असता तर ते प्रकरण बाहेरच आलं नसतं असं मला वाटतं. काळं कोणाच्या मनात होतं आणि भीती कोणाला होती, जरा आठवा.

राहता राहिली दहा ग्रुपची अट. हा मेसेज मी काही पुढे पाठवणार नाही. पाठवायचाच असेल तर १०९८ हा नंबर पाठवा, लहान मुलांसाठीचा आहे, चोवीस तास लागतो, पोरीचं लग्न अठराच्या आत ठरलंय असं दिसलं तर त्याच्यावर सांगता येतं. आणि गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो हे बऱ्याच जणांना माहीत पण नाही, कधीकधी खुद्द ग्रामसेवकाला पण नाही, तो पहिल्या पंगतीला जेवून मोकळा होतो.